लिव्हर, स्वादुपिंड, पित्तनलिका: नवं संशोधन आणि नाशिकच्या ओपीडीतले नेहमीचे प्रश्न

हे पान रुग्णांपेक्षा त्यांच्या नातेवाइकांसाठी जास्त आहे. रुग्ण बहुतेक वेळा गप्प असतो. विचारतो तो मुलगा, सून, नाहीतर मोबाइल पुढे करून बातमी दाखवणारा मेहुणा. निफाड, दिंडोरी, सुरगाणा, थेट मालेगावपासून माणसं नाशिकला येतात आणि हल्ली जवळपास प्रत्येकाकडे एखादं "नवीन संशोधन" असतं. त्यातलं बरंचसं खरंही असतं. ते कुणासाठी आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं आणि फॉरवर्ड होताना नेमकी तीच ओळ गळते. म्हणून हा खटाटोप. इथलं वाचून स्वतःचं औषध सुरू किंवा बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवायला वापरा.

सोनोग्राफीत "ग्रेड २ फॅटी लिव्हर" आलंय. म्हणजे दुसरी स्टेज का?

नाही. हा घोटाळा रोज होतो. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसते, तीही सोनोग्राफी करणाऱ्याच्या नजरेला. तेच पोट उद्या दुसऱ्या सेंटरवर ग्रेड १ निघू शकतं. पुढे काय होणार ते ठरतं लिव्हरमध्ये वण किती साचलेत त्यावरून. त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या ० ते ४. चौथी पायरी म्हणजे सिरोसिस.

वणांचा पहिला अंदाज घ्यायला महागडी तपासणी लागत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट्स या चार गोष्टींवरून "फिब-४" नावाचा आकडा निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचं आणि त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ५५, प्लेटलेट्स १ लाख ८० हजार. उत्तर येतं १.८७. १.३ च्या खाली असेल तर सहसा निश्चिंत राहता येतं, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या या उदाहरणात, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्यायचा. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. दहावीचं गणित आहे, नातवाकडून करून घ्या.

२०२३ मध्ये या आजाराचं नाव बदलून "मॅसल्ड" केलं गेलं. रिपोर्टवर हे नाव दिसलं तर नवा आजार झाला असं समजू नका.

फॅटी लिव्हरवर गोळी आणि इंजेक्शन निघालंय म्हणे. आम्हाला द्याल का?

निघालंय. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या गोळीला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनला या आजारासाठी मान्यता दिली. दोन्ही मान्यता फायब्रोसिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णांसाठी आहेत. नुसतं "ग्रेड १" लिहिलेल्यांसाठी नाहीत, सिरोसिस झालेल्यांसाठीही नाहीत.

आकडे कसे वाचायचे तेही सांगतो, कारण इथेच फसगत होते. रेस्मेटिरॉमच्या अभ्यासात ९६६ रुग्ण होते. वर्षभरानंतर मोठा डोस घेणाऱ्या १०० जणांपैकी २६ जणांचे वण निदान एक पायरी उतरले. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १४ जणांचे उतरले. औषधाची खरी कमाई १०० मागे १२ माणसं. सेमाग्लुटाइडमध्ये ७२ आठवड्यांनी हेच प्रमाण ३७ विरुद्ध २२ होतं. वाईट नाही, पण चमत्कारही नाही.

याच्या शेजारी २०१५ चा क्यूबातला एक अभ्यास ठेवून पाहा. तिथे २९३ जणांना फक्त आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता. ज्यांनी वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवलं, त्यांच्यापैकी ४५ टक्के लोकांचे वण कमी झाले. म्हणजे औषधांपेक्षा सरस! पण इतकं वजन उतरवणारे एकूणात दहातले एकच निघाले. औषधं लागतात ती उरलेल्या नऊ जणांसाठी, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही असतील तर सेमाग्लुटाइडचा विचार मी लवकर करतो. ८० किलोचा माणूस ७४ वर आला तरी लिव्हरची चरबी चांगली उतरते, हे मात्र चिठ्ठीवर सगळ्यांनाच लिहून देतो.

नाशिकची वाईन लिव्हरला चालते ना?

द्राक्षाच्या गावात हा प्रश्न चुकत नाही. लिव्हरला द्राक्ष, ऊस, मोह यातला फरक कळत नाही. त्याला फक्त अल्कोहोलचे ग्रॅम कळतात. ७५० मिलिलिटरची १३ टक्क्यांची वाईनची बाटली म्हणजे सुमारे ७७ ग्रॅम. १८० मिलिलिटरची व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे ६१ ग्रॅम. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याने दोन बाटल्यांचा हिशोब स्वतः करावा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. ज्याला फायब्रोसिस आहे त्याला माझं उत्तर शून्य. पाहुण्यांना वायनरी दाखवायला जरूर न्या, तिथलं जेवण चांगलं असतं.

दारूने लिव्हर सुजलंय, डोळे पिवळे झालेत. "विष्ठेचा उपचार" खरा आहे का?

ऐकून तोंड वाकडं होतं, पण खरा आहे. दारूमुळे झालेल्या तीव्र हेपॅटायटिसमध्ये वर्षानुवर्षं स्टेरॉइड देतात. ब्रिटनमधल्या १,१०० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसलं की ९० दिवसांनंतर स्टेरॉइडचा फायदा उरत नाही. दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या संस्थेत १२० रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली: एकाला स्टेरॉइड, दुसऱ्याला निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू, शुद्ध करून नळीवाटे. ९० दिवसांनी पहिल्या गटातले सुमारे ५७ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ७५ टक्के. कल्पना अशी की दारूने आतड्यातली जंतूंची वस्ती बिघडते, त्यांची विषं थेट लिव्हरकडे जातात. वस्ती बदलली की भार हलका होतो.

हा एकाच केंद्रातला अभ्यास आहे आणि उपचार मोजक्या ठिकाणीच होतात. घरी प्रयोग करणाऱ्यांना हात जोडून विनंती: नको. दात्याच्या रक्ताच्या आणि विष्ठेच्या कसून तपासण्या करून मगच हे देतात.

कावीळ गावात उतरवून घेतली. आता काय?

कावीळ ही खूण आहे, आजार मागे काहीही असू शकतो. दूषित पाण्याची हेपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं. त्याच्याकडून बरं वाटून आलेल्यांबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते वाया गेलेल्या ३ आठवड्यांशी, कारण पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलेली असेल तर त्या ३ आठवड्यांत आत पू होतो. लघवी चहासारखी, शौचाचा रंग पांढरट, अंगाला खाज, आणि त्यात थंडी वाजून ताप असेल तर थेट दवाखान्यात. बाकी काही नको.

आणि गुळवेल. करोनाच्या काळात घरोघरी काढा झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेल्या ६ रुग्णांची नोंद छापली. पुढच्या वर्षी देशभरातल्या आणखी रुग्णांची भर पडली. त्यात ऑटोइम्यून, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच लिव्हरवर उलटण्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आहेच. मी एवढंच करतो: कावीळ झालेल्या माणसाला सगळे काढे बंद करायला सांगतो, आणि काय काय घेत होता ते न रागावता विचारतो. रागावलं की कुणी खरं सांगत नाही.

हेपॅटायटिस बी आणि सी. यातला बरा होणारा कुठला?

सी. रोज १ गोळी, १२ आठवडे, सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिरची जोडी. ९५ टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो. आमच्या पिढीने पाहिलेली लिव्हरमधली ही सगळ्यात मोठी क्रांती. या विषाणूच्या शोधाला २०२० चं नोबेल मिळालं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

बी दाबून ठेवता येतो, मुळासकट काढणं अजून अवघड आहे. बेपिरोव्हिर्सेन नावाच्या इंजेक्शनच्या २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात ९ ते १० टक्के रुग्णांत, औषध थांबवल्यावरही विषाणू सापडेनासा झाला. आकडा लहान वाटतो, पण या आजारात तो पूर्वी शून्याच्या आसपास असायचा. तोवर विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोव्हिरची गोळी चुकवू नका, आणि घरातल्या सगळ्यांचं लसीकरण करून घ्या.

वडिलांना सिरोसिस आहे, पण त्रास काहीच नाही. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?

लिव्हरचा कॅन्सर बहुधा सिरोसिसच्याच जमिनीत उगवतो आणि लहान असताना दुखत नाही. २ सेंटिमीटरची गाठ सुईने जाळता येते, कापता येते, प्रत्यारोपणाचाही विचार होतो. १० सेंटिमीटरची झाली की हे दरवाजे बंद होतात.

मग उरतात प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं, म्हणजे इम्युनोथेरपी. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅबच्या जोडीने जुन्या सोराफेनिब या औषधाला मागे टाकलं: मधला रुग्ण (निम्मे त्याच्याहून कमी जगतात, निम्मे जास्त) १३ ऐवजी १९ महिने जगला. दुसऱ्या एका जोडीच्या अभ्यासात ५ वर्षांनी जवळपास २० टक्के रुग्ण जिवंत होते, सोराफेनिबच्या गटात ९ टक्के. पाचातला एक! मी शिकत होतो तेव्हा हे वाक्य कुणी उच्चारलं नसतं. पण बातमीत गळलेली ओळ अशी की या अभ्यासांत घेतलेल्यांचं बाकीचं लिव्हर बऱ्यापैकी शाबूत होतं. पोटात पाणी, डोळे पिवळे, भान हरपतंय अशा रुग्णाला तोच आकडा लावता येत नाही. आणि बेव्हासिझुमॅब देण्याआधी दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहाव्याच लागतात, नाहीतर त्या फुटून रक्ताची उलटी होते.

त्या शिरांवरून आठवलं: कार्व्हेडिलॉलसारखी काही रुपयांची गोळी, योग्य रुग्णाला वेळेत सुरू केली तर पोटात पाणी होणं लांबवते, असं २०१९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात दिसलं. तिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

पॅनक्रियाला (स्वादुपिंडाला) सूज आहे. डॉक्टर सलाईन कमी लावतात, अँटिबायोटिक देत नाहीत, पू असूनही काढत नाहीत. काहीच करत नाहीत का?

या प्रश्नावर थोडं रेंगाळतो, कारण गेल्या १५ वर्षांत स्वादुपिंडाच्या उपचारात जेवढा उलटफेर झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल, आणि तो जवळपास सगळा "थांबा" याच दिशेने झाला.

पहिलं, सलाईन. आम्हाला शिकवलं होतं की पहिल्या दिवशी धो-धो ओता. मीही ओतलं. २०२२ मध्ये भारतासह ४ देशांतल्या रुग्णालयांनी हे तपासून पाहिलं. भरपूर सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगावर, फुप्फुसात पाणी चढलं. बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के. आजार गंभीर होण्याचं प्रमाण मात्र काही कमी झालं नाही. २४९ रुग्णांवरच अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यामुळे आता लघवी, नाडी, रक्ताचे रिपोर्ट बघत मोजून देतात.

दुसरं, उपाशी ठेवणं. "पॅनक्रियाला विश्रांती" हा शब्द आता मागे पडला. उलटी थांबली, भूक लागली की मऊ भात, पेज सुरू करायची. जमत नसेल तर नाकातल्या नळीने. आतडं रिकामं राहिलं की त्यातले जंतू बाहेर निसटतात.

तिसरं, अँटिबायोटिक. सुजेला जंतू लागतात असं नाही. लागल्याचा पुरावा नसेल तर ते देऊन फायदा होत नाही, उलट पुढे दाद न देणारे जंतू आणि बुरशी वाढते.

चौथं, आणि नातेवाइकांना सगळ्यात जड जाणारं: सडलेला भाग काढणं. पूर्वी पोट उघडून साफ करायचे. हॉलंडच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दाखवलं की आधी बाहेरून नळी टाकून पू वाहू द्यायचा आणि लागलंच तर पुढची पायरी चढायची, असं केलं तर मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ६९ टक्क्यांवरून ४० वर येतो. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांना नळीच पुरली. मग त्याच गटाने विचारलं, नळी तरी लगेच हवी का? २०२१ चं उत्तर: जंतुसंसर्ग झालेला असतानाही, सडलेल्या भागाभोवती भिंत तयार होईपर्यंत थांबलं तर फार काही बिघडत नाही, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के निव्वळ अँटिबायोटिकवर बरे झाले. हल्ली जठरातूनच दुर्बिणीने वाट करून तो भाग काढतात, पोटावर टाकाही येत नाही. पण त्यासाठीही साधारण ४ आठवडे लागतात.

तेव्हा आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून "दुसरीकडे हलवू का" असं वाटतं, ते समजतं. विचारायचे प्रश्न हे: लघवी किती होते? ऑक्सिजन किती लागतो? खाणं सुरू झालं का? पुढचा सीटी कधी? या चारांची उत्तरं नीट मिळत असतील तर तुमचे डॉक्टर काम करत आहेत.

पित्ताशयात खडे आहेत. काढायचेच का?

दुखत नसतील, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडले असतील, तर सहसा नाही. अधूनमधून दुखत असेल तरी घाई नसते: ब्रिटनमधल्या ४३४ रुग्णांच्या २०२३ च्या अभ्यासात, १८ महिन्यांनी ऑपरेशनची वाट धरलेल्या आणि औषधांवर राहिलेल्यांच्या त्रासात फरक दिसला नाही.

पण खड्यामुळे एकदा पॅनक्रियाला सूज आली असेल तर नियम उलटा. सूज सौम्य असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढून घ्या. "घरी जाऊन येतो, कांदा निघाला की करू" म्हणणाऱ्यांसाठी २०१५ चा आकडा: लगेच ऑपरेशन झालेल्यांपैकी ५ टक्के पुन्हा खड्याच्या त्रासाने भरती झाले, थांबलेल्यांपैकी १७ टक्के.

खडा नलिकेत उतरला असेल तर ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात. या प्रक्रियेनेच कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते. जास्त धोका असलेल्या रुग्णांना गुदद्वारातून इंडोमेथासिनची साधी वडी दिल्यावर हे प्रमाण सुमारे १७ वरून ९ टक्क्यांवर आलं, हे २०१२ पासून माहीत आहे. "ती वडी देणार आहात ना?" असं विचारायला संकोच करू नका.

पॅनक्रियाच्या कॅन्सरवर लस आली का?

लस म्हणण्यासारखी गोष्ट आली आहे, बाजारात नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १६ रुग्णांचा कॅन्सर आधी ऑपरेशनने काढला, मग प्रत्येकाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती एमआरएनए लस बनवली. ८ जणांच्या प्रतिकारशक्तीने दाद दिली. ३ वर्षांहून जास्त काळाने, त्या ८ पैकी २ जणांचाच आजार उलटला होता; दाद न दिलेल्या ८ पैकी ७ जणांचा. मला हे वाचून खरंच बरं वाटलं. तरीही माणसं सोळाच होती आणि सगळी ऑपरेशन होऊ शकणारी होती, आणि या कॅन्सरमध्ये तशी माणसं पाचात एखादंच.

दुसरी आशा गोळीची आहे. या कॅन्सरच्या दहातल्या नऊ रुग्णांत केआरएएस नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि ४० वर्षं त्यावर औषध बसत नव्हतं, इतकं ते गुळगुळीत. डॅराक्सॉनरासिब हे त्याला पकडणाऱ्या नव्या औषधांपैकी एक. अमेरिकेत २०२५ मध्ये त्याला जलद तपासणीचा दर्जा मिळाला.

आणि आत्ता हाताशी काय? ऑपरेशननंतर चार औषधांची केमो झेपली तर निम्मे रुग्ण साडेचार वर्षांपुढे जातात; आधीच्या एका औषधाच्या केमोत ही मर्यादा ३ वर्षांच्या आत होती. हा २०१८ चा फ्रेंच-कॅनेडियन अभ्यास आजही माझ्या टेबलावरचं सगळ्यात उपयोगी संशोधन आहे.

एक खूण लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, घराण्यात कुणाला नाही, आणि वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय, तर नुसती साखरेची गोळी घेऊन घरी जाऊ नका. अशा वयात नव्याने मधुमेह झालेल्यांतल्या सुमारे १ टक्का लोकांत ३ वर्षांत हा कॅन्सर सापडतो. ९९ टक्क्यांना काही नसतं, म्हणून घाबरायचं नाही. पण वजन उतरणाऱ्याचा सीटी काढायचा.

पित्ताशयाचा किंवा पित्तनलिकेचा कॅन्सर असेल तर?

ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही त्यांच्यासाठी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमो २०१० पासून आहे. तिच्यात इम्युनोथेरपीचं ड्युरव्हालुमॅब मिसळल्यावर २ वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १० वरून २५ टक्क्यांपर्यंत गेलं. मधल्या रुग्णाचा फायदा मात्र जेमतेम सव्वा महिन्याचा, आणि खर्च लाखांत. म्हणजे थोड्यांना खूप, बहुतेकांना नाममात्र. कर्ज काढण्याआधी हे वाक्य दोनदा वाचा.

गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी मी मागतोच. लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये एफजीएफआर-२ या जनुकाचा बदल सापडला तर पेमिगॅटिनिबच्या गोळीने तीनातल्या एकाची गाठ आक्रसते.

पित्ताशयाच्या कॅन्सरवर मात्र पाश्चात्त्य देश फार लक्ष देत नाहीत, त्यांच्याकडे तो कमी. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात खूप. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्वतः अभ्यास केला: आसपास पसरलेल्या गाठीला ऑपरेशनआधी फक्त केमो, की केमोसोबत रेडिएशन? २०२४ मध्ये मांडलेला निकाल: रेडिएशनची जोड दिल्यावर मधला रुग्ण १० महिन्यांऐवजी जवळपास २२ महिने जगला. नवं औषध एकही नाही.

काविळीमुळे खाज सुटली असेल तर आधी स्टेंट (नलिकेत बसवायची छोटी नळी) टाकून पित्त वाहतं करतात, मग केमो. बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) उतरेपर्यंतचा तो वेळ वाया गेलेला नसतो.

खाज खूप आहे, पण खडाही नाही आणि गाठही नाही.

चाळिशी-पन्नाशीच्या बाईला महिनोन्महिने खाज, थकवा, आणि रिपोर्टमध्ये फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, असं असेल तर एएमए ही रक्ततपासणी सुचवा. पीबीसी नावाचा, लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका झिजवणारा आजार असू शकतो. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळीवर बहुतेकांचं भागतं. न भागणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेलपार आली. त्याआधीचं ओबेटिकोलिक ॲसिड, रक्ताचे आकडे सुधारतं म्हणून २०१६ मध्ये घाईने मान्य झालं होतं. ते २०२५ मध्ये तिथल्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. रिपोर्ट सुधारणं आणि माणूस सुधारणं यातलं अंतर असं दिसतं.

दीड महिन्याच्या बाळाची कावीळ जात नाही. ऊन देतोय.

ऊन पुरे. शीचा रंग पाहा. पांढरट, मातकट असेल तर आजच बालरोगतज्ज्ञ, उद्या नाही. पित्तनलिका जन्मतः बुजलेली असू शकते. कसाई नावाचं ऑपरेशन (जपानी सर्जनचं नाव आहे, घाबरू नका) ६० दिवसांच्या आत झालं तर यश जास्त. जन्मानंतर २ आठवड्यांच्या पुढे कावीळ राहिली की डायरेक्ट बिलिरुबिन तपासायचंच. "आजीच्या सगळ्या नातवंडांना होती" हे कारण चालत नाही.

डुकराचं लिव्हर माणसाला बसवलं, मग आम्ही दाता का शोधायचा?

चीनमध्ये शिआनच्या डॉक्टरांनी ६ जनुकं बदललेल्या डुकराचं लिव्हर मेंदूमृत माणसाच्या शरीरात १० दिवस चालवलं, ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून पित्त निघालं, प्रथिनं बनली. पण तुमच्या वडिलांकडे वेळ महिन्यांत मोजण्याएवढाच आहे आणि हे संशोधन वर्षांत मोजतात.

आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरच्या भागावर होतात. दात्याचं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं पुन्हा वाढतं, तरी दात्याचं ऑपरेशन मोठंच असतं, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगावं लागतं. सासरची माणसं समोर असताना सुनेला "तू देशील ना?" असं विचारलेलं मी ऐकलंय. त्या होकाराला मी होकार मानत नाही.

औषधाच्या चाचणीत भाग घ्यावा का? आमच्यावर प्रयोग करतील.

प्रयोगच असतो, म्हणूनच नियम कडक आहेत. २०१९ च्या नियमांनुसार संमती लिखित हवी, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे, आणि कधीही बाहेर पडता येतं. भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नाही आणि वर "संशोधनासाठी" पैसे मागतात, तर उठून बाहेर पडा. संमतीपत्र मराठीत मिळतं. घरी नेऊन वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा.

नाशिकमध्ये काय होतं आणि मुंबईला कधी जायचं?

सोनोग्राफी, सीटी, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), दुर्बीण, ईआरसीपी, पित्ताशयाचं ऑपरेशन, केमो हे सगळं इथे होतं. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, नंतर धावपळ होते. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय विसरू नका.

स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, म्हणजे व्हिपल, जो सर्जन आणि जी टीम ते वर्षभर सतत करते तिच्याकडेच करा, मग ती नाशिकची असो की मुंबईची. "वर्षाला किती करता?" हा प्रश्न उद्धट नाही. प्रत्यारोपणासाठी आणि चाचण्यांसाठी मुंबई-पुणे गाठावं लागतं. टाटाला जाणारे सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरतात. त्यांच्या पिशवीत हे असावं: सीटीची सीडी (नुसता कागद नको), बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा, सगळ्या औषधांची यादी, आणि स्टेंट टाकला असेल तर त्याची तारीख.

या शेवटच्या गोष्टीवर मी हटून बसतो. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत बुजतो, काढावा किंवा बदलावा लागतो. दिंडोरीकडचे एक बागायतदार डिसेंबरात स्टेंट टाकून गेले, "द्राक्षाचा हंगाम आटोपला की येतो" म्हणाले. आले ते ऑगस्टमध्ये, थंडीतापाने थरथरत, ॲम्ब्युलन्समधून. वाचले. तेव्हापासून फाइलच्या वरच्या पुठ्ठ्यावर लाल मार्करने स्टेंट काढायची तारीख मोठ्या आकड्यात लिहितो, आणि नातेवाइकाला तीच तारीख घरच्या कालनिर्णयवर लिहायला सांगून तिचा फोटो पाठवायला लावतो.